काडेपेटीएवढा कॅमेरा आणि हातभर साखळी

प्रिय बाबा,

तुमचा शेवटचा रोल मी काल धुतला, तुम्हाला न विचारता. तुम्ही रस्त्यावरच्या गाईचा फोटोसुद्धा तिच्या मालकाला विचारल्याशिवाय कधी काढला नाही, आणि तुमच्याच घरात तुमच्या रोलबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नाही. सकाळपासून मला काही सुचत नाहीये. निदान सांगून तरी टाकावं, म्हणून हे पत्र.

रोल म्हणजे तुमच्या त्या उघडमीट कॅमेऱ्यातला. जो ओढला की उघडतो, दाबला की मिटतो, आणि मिटता मिटता फिल्म एक घर पुढे सरकवतो. तुम्ही गेल्यावर तो फ्रिजवरच्या संत्राबर्फीच्या डब्यात बाकीच्या भावंडांसोबत पडून होता. जगात कॅमेऱ्यांचे संग्रह काचेच्या कपाटात असतात म्हणे. तुमचा आख्खा संग्रह मिठाईच्या एका डब्यात मावला, आणि वर झाकणही लागलं.

तो घरात आला कसा, हे तुम्ही पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलंत की आम्हाला पाठ झालं होतं. इतवारीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात लोक जुनं पितळ मोडीत द्यायचे आणि चकचकीत स्टील घेऊन जायचे. अशाच एका पोत्यात, एका बंबाच्या फुटक्या तोटीखाली, तो निघाला. दुसरा कुणी असता तर खिशात टाकला असता. तुम्ही ते पोतं देणाऱ्या बाईंचं घर हुडकत गेलात आणि म्हणालात, "बाई, हे मोडीतलं नाही." त्या म्हणाल्या, "वापरणारे गेले, भाऊ. मले त्याचं तोंड कुठं आहे तेही कळत नाही. तुम्हीच ठेवा."

तुम्ही ठेवलात. पण पहिला फोटो त्या बाईंचाच काढलात, विचारून. तो अजून आपल्याकडे आहे. डोक्यावर पदर, हातात ते नवं पातेलं, आणि चेहऱ्यावर "हे एवढंसं काय फोटो काढणार" असं स्पष्ट लिहिलेलं.

मग तुम्हाला नादच लागला. रविवारच्या जुन्या बाजारात तुम्ही गुडघ्यावर बसून चाव्या, पाने, बंद घड्याळं उपसत असायचात आणि आई दूर उभी राहून तुम्हाला ओळखत नसल्याचं दाखवायची. कधी लायटरएवढा कॅमेरा मिळायचा, कधी मुठीत दडेल असा जपानी. बहुतेक बंद असायचे. तुम्ही त्यांना दुपारी दुकानात गादीवर बसून उघडायचात, अत्तराच्या काडीने पुसायचात, आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचात, "बसा गा, याचं पोट शिवून घेतो."

असे कॅमेरे हेरांनी वापरले, हेही तुम्हीच सांगितलं होतं. कागद चोरून टिपायचे, माणसं नकळत टिपायची, म्हणून ते इतके लहान. आणि हा हेरांचा कॅमेरा घेऊन माझा बाप भर मारबतीच्या मिरवणुकीत, ढोलांच्या वर आवाज काढून ओरडायचा, "काढू का गा?" पिवळ्या मारबतीचा भलामोठा पुतळा खांद्यावर घेतलेल्या पोरांना काय ऐकू येणार? ती पुढे निघून जायची. तुम्ही मिटलेला कॅमेरा हातात घेऊन तिथेच उभे. मोठाल्या कॅमेऱ्यांचे लोक छपरांवर चढून पन्नास फोटो काढून उतरायचे, तुमचा एकही निघालेला नसायचा. तरी घरी येताना चेहरा असा, जणू तुम्हीच मारबत जाळून आलात.

मी एकदा चिडून विचारलं होतं, "मग एवढा छोटा कॅमेरा घ्यायचाच कशाला?" आठवतं? तुम्ही म्हणालात, "मोठा कॅमेरा दिसला का मानूस पोट आत घेते. हा दिसला का हासते."

आणि न विचारता काढला तर काय बिघडतं, यावर तुमचं एकच उत्तर होतं. "फोटो येते वं. पण तो त्यानं आपल्याले देल्ला नसते." मी तेव्हा कॉलेजात होते, मला हे अगदी खुळचट वाटलं होतं. आता लोक जेवणाऱ्याचे, रडणाऱ्याचे, दवाखान्यात झोपलेल्याचेही फोटो काढून सगळ्यांना पाठवतात, तेव्हा तुमचं वाक्य रोज एकदा तरी आठवतं.

त्या कॅमेऱ्याची फिल्म तर बाजारात मिळतच नव्हती. तुम्ही मोठी फिल्म आणून तिच्या पट्ट्या कापायचात. दुकानामागच्या कोठीत, जिथे भर दुपारीही स्वतःचा हात दिसत नाही, लाकडाच्या खाचेत दोन ब्लेड बसवून, हाताच्या अंदाजाने. पायजम्याच्या नाडीएवढी पट्टी निघायची आणि तुम्ही तिला नाडीच म्हणायचात. मला धुण्याच्या डब्यातल्या चक्रीवर ती गुंडाळायला शिकवताना म्हणालात, "नाडी ओवता येते ना तुले? मग हे येते." आलं नाही. कितीतरी नाड्या मी वाया घालवल्या. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाही. नुसतं "दुसरी कापू" म्हणायचात आणि पुन्हा कोठीत शिरायचात. बाबा, एवढा धीर तुम्ही आणला कुठून? माझ्या मुलीचं गणित घेताना माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो.

आणि ती साखळी. हातभर लांब, कॅमेऱ्याच्या टोकाला अडकवलेली, मध्ये मध्ये मणी. जवळचा फोटो असला की तुम्ही म्हणायचात, "नाकाले लाव." आम्ही साखळीचं टोक नाकाला लावायचो, तुम्ही ती ताणून कोणता मणी येतो ते पाहून अंतर लावायचात, आणि मग तो ठरलेला हुकूम, "आता साखळी सोड." आम्ही भावंडं मुद्दाम सोडायचो नाही. तुम्ही कॅमेरा मिटून ठेवायचात. साखळी सुटल्याशिवाय फोटो नाही. या एका गोष्टीत तुम्ही आमच्या हेडमास्तरांच्या वर होता.

एक तक्रार मात्र आहे. माझ्या पाठवणीचा एकही फोटो तुमच्या हातचा नाही. मंडपाच्या दारात मी रडत होते, तुम्ही समोर आलात, खिशातून कॅमेरा काढलात आणि विचारलंत, "काढू का, वैशू?" मला बोलताच येईना. तुम्ही थोडं थांबलात आणि कॅमेरा परत खिशात ठेवलात. पुढे कितीदा तरी मी तुम्हाला बोल लावले, स्वतःच्या मुलीला काय विचारायचं? तुम्ही म्हणायचात, "तू हो म्हटलं नाही." राग यायचा, बाबा. पण खरं सांगते, त्या दिवशी माझ्या आयुष्याबद्दल मला काही विचारणारे तुम्ही एकटेच होता.

आईने तर कधीच हो म्हटलं नाही.

दर दिवाळीच्या पाडव्याला ती तुम्हाला ओवाळायची, तुम्ही तबकात ओवाळणी घालायचात आणि कॅमेरा उघडून विचारायचात, "आता काढू का वं?" ती म्हणायची, "नाही." कॅमेरा मिटायचा. तुम्ही करंजी खायला बसायचात. आम्हाला ते पाडव्याचा एक विधीच वाटायचं. ती का नाही म्हणते, हे मला माझं स्वतःचं लग्न जमायच्या वेळी कळलं, जेव्हा माझा फोटो कुणाकडे पाठवायचा नाही म्हणून ती आजीशी भांडली. आईच्या लग्नाच्या वेळी तिचा एक फोटो स्थळांना दाखवायला घरोघर फिरवला होता. घेऊन जाणारा पाहुणा तो दर वेळी परत आणायचा, कुठे चहाचा डाग, कुठे कोपरा मुडपलेला. शेवटी तिने तो चुलीत घातला. तुमच्याकडे फोटो गेलाच नव्हता, तुम्ही थेट बघायला आलात. तुम्हाला हे सारं माहीत होतं. म्हणून तुम्ही एकदाही "काढू दे ना" असं म्हटलं नाही. नुसतं विचारलंत, आणि नाही ऐकून घेतलंत. लग्न झाल्यापासून प्रत्येक पाडव्याला.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात. भिंतीवर लावायला तुमचा फोटो शोधला तर तुमचा असा फोटोच नाही. दादाने शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात तुम्ही असे दिसता, जणू भांड्यांच्या चोरीत सापडला आहात. आई त्याला हार घालते, पण त्याच्याकडे पाहत नाही.

आता या आठवड्यातली गोष्ट.

दादा सुट्टीत पुण्याहून आला, मीही माहेरी आले. त्याला कुणी जुन्या कॅमेऱ्यांचा हौशी भेटला होता. डबाच्या डबा जपून ठेवीन म्हणाला, रविवारी न्यायला येणार होता. दादावर रागावू नका. आपल्या या फ्लॅटमध्ये ते पडून खराब होतील, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या माणसाने उघडमीट कॅमेऱ्याच्या आतल्या बाजूचा फोटो मागितला. दादा खिडकीत उजेडाला बसला आणि खिटीवर नख लावलं.

आई गॅलरीत कुरडया उलटवत होती. तिथून ती ओल्या हातांनी आत आली आणि तिने कॅमेरा त्याच्या हातातून ओढूनच घेतला. "उघडू नको. रोल आहे त्याच्यात."

"असला तरी सडला असेल," दादा म्हणाला. "काय असणार? कॉलनीतली मांजर."

मी विचारलं, "आई, तुला कसं माहीत रोल आहे ते?"

"माह्या घरात काय आहे ते मले माहीत नसीन?" म्हणाली आणि कॅमेरा पदराने पुसायला लागली. तुमच्या कॅमेऱ्याला हात लावताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती तो पुन्हा डब्यात ठेवेना. स्वयंपाकघरात गेली तर सोबत घेऊन गेली.

त्यात काहीतरी आहे, आणि ते तिला हवं आहे, एवढं मला कळलं. मागणार मात्र ती नाही. मी मागे गेले आणि विचारलं, "धुऊ का मी?"

"मले काहून विचारून राहिली? धुवाचं तर धू." मग माझ्याकडे न बघता, "बिघडला तर दुसरा नाही येत तो."

बाबा, ते ऐकून माझे हात गार पडले, आणि तेही मे महिन्यात. नाडी मला एकदाच ओवायची होती, आणि दुसरी कापून द्यायला तुम्ही नव्हता. टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला पोळत होतं. एवढ्या गरम पाण्यात फिल्मवरचा लेप सुटतो, हे तुम्हीच सांगितलं होतं. आईने माठ उचलून माझ्यासमोर ठेवला. याच माठातलं पाणी तुम्ही घ्यायचात म्हणून ती तुम्हाला किती बोलायची!

या घरात अंधार नाही, अशी तुमची तक्रार असायची. मी धान्याच्या खोलीत शिरले. आईने बाहेरून दाराच्या फटीत चादर खोचली आणि पाठ लावून स्टुलावर बसली. दादाने काहीतरी विचारलं, तर तिचा आवाज आला, "आत नाडी ओवून राहिली ते. तिले हाक मारू नको." अंधारात मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. नाडी हा तुमचा-माझा शब्द आहे असं मला वाटायचं. तिला तो कधीपासून ठाऊक होता?

नाडी दोनदा अडकली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले. अंधारात डोळे मिटून काय होणार, पण तुम्ही मिटायचात म्हणून. ती बसली.

मग ओट्यापाशी डबा हलवत उभी राहिले. "ताक नाही करून राहिली तू. हळू," आई म्हणाली. मोबाइलवर वेळ लावली होती. ती वाजायच्या जरा आधीच आई म्हणाली, "आता ओत." मी ओतलं. मागोमाग मोबाइल वाजला. तुम्ही धुवायचात तेव्हा ती तिकडे तोंड करून पोळ्या लाटत असायची, बाबा. तिचं लक्ष नाही, असं तुम्हालाही वाटत होतं का?

फिल्म देवघरात वाळत टाकली, तुमच्यासारखी, चिमटा लावून. दुपारी दादाने तिचं एकेक घर मोबाइलने टिपून लॅपटॉपवर मोठं करायला घेतलं. हरभऱ्याच्या डाळीहून थोडं मोठं एकेक चित्र. पहिली काही तुम्ही काढलेली होती. दादाची मांजर निघाली, तो खूश झाला. मग सलाम ठोकून उभा असलेला गेटवरचा वॉचमन. हातगाडीवरचा केळीवाला, केस नीट करून. तुमच्या फोटोंतली सगळी माणसं अशी सरळ बघतात. कुणी पकडलं गेलेलं नाही. ती सगळी हो म्हटलेली माणसं आहेत. आयुष्यभरात इतक्या लोकांनी आनंदाने हो म्हणावं, असं तुमच्या विचारण्यात काय होतं?

मग छताचा पंखा आला. दादा म्हणाला, हात चुकला असेल, तेव्हा बाबा आजारीच होते. पुढच्या घरात एक जाड, धूसर अंगठा. तुम्ही कधी अंगठा आणला नव्हता.

आणि मग तुम्ही.

पलंगावर उशीला टेकून बसलेले, कपाळाला कुंकवाचा टिळा, त्यावर तांदळाचे दोन दाणे. गाल बसलेले आहेत, पण हसताय असे की ते दिसत नाहीत. फोटो जरा तिरपा आहे, तुमचा एक कान कापला गेलाय. आणि तुमच्या दोन बोटांत, नाकापाशी, साखळीचं टोक आहे. तिथून एक अंधूक रेघ खाली येते आणि फोटोच्या कडेला संपते. आम्हा सगळ्यांना साखळी सोडायला लावणारे तुम्ही, स्वतः सोडायला विसरलात. आणि जिने धरलेल्या कॅमेऱ्याला तिचं दुसरं टोक होतं, तिला सोडा म्हणायचं असतं हे माहीत नव्हतं.

दादाने लॅपटॉप तसाच ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसला.

आई मागे उभी होती. तिनेच सांगितलं. "पाडव्याले विचारलं त्याहीनं, नेहमीसारखं. हात थरथरत होते. म्या म्हटलं, माहा नाही. द्या इकडे, तुमचा काढते. काढू का?" तिने लॅपटॉपवरच्या तुमच्याकडे पाहिलं. "तर म्हणे, इतक्या वर्षांत मले कोणी विचारलंच नाही."

बाबा, खरंच विचारलं नाही हो आम्ही. तुम्ही सगळ्यांना विचारत राहिलात आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला विचारायचं नसतं. पण जिने विचारायला हवं होतं, तिने विचारलं. ते माझ्या विचारण्यापेक्षा मोठं आहे.

तो हौशी माणूस काल संध्याकाळी आला, चहा पिऊन गेला. दादानेच त्याला सांगितलं की डबा इथेच राहील. आधार कार्डावरचा फोटो भिंतीवरून उतरला आहे. त्या जागी हा लागेल, तिरपा, एक कान नसलेला, साखळीसकट. दादा साखळी पुसून देतो म्हणत होता, संगणकावर येतं म्हणे तसं. आई म्हणाली, "हात लावशीन तर पाह्य."

फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात तुम्ही कापून ठेवलेल्या शेवटच्या नाड्या सापडल्या. त्यातली एक मी आज कॅमेऱ्यात भरली. आई कुरडया डब्यात भरत होती. मी समोर बसले, कॅमेरा ओढून उघडला आणि विचारलं, "आई, काढू का?"

तिने हातातली कुरडई ठेवली. पदर नीट केला. मग साखळीचं टोक घेऊन स्वतःच नाकाला लावलं आणि म्हणाली, "आंधी सांग, साखळी धरून ठेवाची का सोडाची?"

तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. तरी मी म्हटलं, "धरून ठेव."

फोटो कसा येईल कोण जाणे. पण एवढं वचन देते, बाबा. तुमच्या कॅमेऱ्याने मी कुणालाही विचारल्याशिवाय टिपणार नाही. नाही ऐकलं तर तुमच्यासारखी मिटून घेईन आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारीन. फक्त तुमचा एक हुकूम मोडणार आहे. आईला साखळी सोड, असं मी कधी म्हणणार नाही.

तुमची,
वैशू